छबूचा श्रावण आणि भिमाजीची वही

भिमाजीला मी दीड वर्ष मठ्ठ समजत होतो. हे आधीच कबूल करतो. त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

मी नगरला मराठी घेऊन बी.ए. झालो आणि एकाहत्तरच्या जूनमध्ये राहुरीच्या कृषी विद्यापीठात तात्पुरता कारकून म्हणून लागलो. राहायला जागा नव्हती. भिमाजीचं गाव तिथून सायकलीवर वीस मिनिटं. त्याच्या ओसरीला लागून एक खोली रिकामी होती.

"ये," तो म्हणाला. "आय भाकरी घालील."

त्या आठवड्यात त्याचं सगळ्यात मोठं बोलणं एवढंच.

भिमाजी अकरावी झालेला. वय एकोणतीस. काम विद्यापीठाच्याच वेधशाळेत निरीक्षकाचं. वेधशाळा म्हणजे तारेच्या कुंपणातला गवताचा चौकोन. त्यात थर्मामीटरची पांढरी झडपांची पेटी, पाऊस मोजायचं भांडं, वाऱ्यानं फिरणाऱ्या वाट्या. आणि एका खांबावर मोठ्या मोसंब्याएवढा भरीव काचेचा गोळा. गोळ्यामागं निळ्या जाड कागदाची पट्टी असायची. ऊन पडलं की गोळा ते एका ठिपक्यात एकवटी आणि पट्टी जळत पुढं जाई. ढग आला की जळणं थांबे. सूर्य मावळला की भिमाजी पट्टी काढी, जळलेली रेघ मोजपट्टीनं मोजी आणि लिही : ७.४. म्हणजे त्या दिवशी सात तास चोवीस मिनिटं ऊन होतं.

सुट्टी असो, सण असो, ताप असो, तो जायचाच. मला हसू यायचं. मी एकदा म्हणालो, "भिमाजी, ऊन तर सगळ्यांना दिसतं. ते लिहून काय होणार?"

"दिसतं," तो म्हणाला. "पर ध्यानात कुनाच्या ऱ्हातं?"

मला ते उत्तर वाटलं नाही.

आखाड लागायच्या सुमाराला तो कधी नव्हे ती रजा काढून डांगाणात गेला. नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याच्या पलीकडं, डोंगरात, त्याच्या बहिणीचं सासर होतं. चौथ्या दिवशी तिला घेऊन आला. छबू तिचं नाव. चोवीसेक वर्षांची. एसटीतून उतरून घरापर्यंत चालत आली, पण कुणीतरी ढकलत आणल्यासारखी. माझ्याकडं बघितलं आणि बघितलंच नाही.

आमच्याकडं नव्या नवरीला पहिल्या आखाडाला माहेरी आणतात. छबूला लग्नाच्या पाचव्या वर्षीही आणत होते. आडावर बायका म्हणायच्या, "भागूबाईची नवी नवरी आली वाटतं!" भागूबाई म्हणजे भिमाजीची आई. ती घागर उचलून निघून यायची.

दुखणं असं होतं. पावसाळा धरला की छबू हळूहळू बसायची. बोलणं कमी, मग जेवण कमी, मग उठणंच बंद. ताप नाही, खोकला नाही. "काय होतंय गं?" विचारलं की एकदाच म्हणाली होती, "छातीवर पिठाचं पोतं ठेवल्यागत होतंय." दसऱ्याच्या आसपास पुन्हा उठायची. दिवाळीत हसायची. मग सासरी जायची. पुढच्या आखाडाला पुन्हा तेच. गावानं बाहेरचं लागलंय म्हणून ठरवून टाकलं होतं. सासरे रंभाजी त्याला दुसरं नाव ठेवून मोकळे झाले होते. "आठ महिने सून, चार महिने धोंडा," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

भागूबाईनं लेकीला कशालाही हात लावू दिला नाही. माजघरात, कणगीच्या आडोशाला, तिचं अंथरूण घातलं. तिथं वारा लागत नव्हता. उजेड डोळ्यांत टोचतो म्हणून छबू कण्हली, तर भागूबाईनं दारावर घोंगडी टांगली. कुणाची नजर लागायला नको, हेही होतंच. घरातली सगळ्यात शांत, सगळ्यात ऊबदार जागा तिला दिली होती. मी घोंगडीबाहेरून जाताना पाय न वाजवता जायचो.

भिमाजी रोज संध्याकाळी परत आला की घोंगडीआड जायचा. थोड्या वेळानं बाहेर यायचा, खुंटीवरच्या पिशवीतून एक वही काढायचा, काहीतरी लिहायचा आणि ठेवून द्यायचा. हिशेब असेल, मी समजलो.

मग बहात्तर साल आलं.

त्या सालाबद्दल मी वेगळं सांगत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. आखाडात आभाळ निळं होतं, श्रावणात निळं होतं. भिमाजीच्या पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जळत होत्या. गावाजवळ पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं आणि सगळं गाव त्यावर गेलं. भागूबाईही निघाली. प्रश्न छबूचा होता. ती नुकतीच आली होती आणि बोलणं कमी झालं होतं. घरी एकटी ठेवायची तर परसात विहीर. पाणी आटलं होतं, पण विहीर खोल होती.

"माज्या नजरंम्होरं ऱ्हाऊ दे," भागूबाई म्हणाली आणि तिला हाताला धरून कामावर घेऊन गेली. काम करायला नव्हे. नुसती बसायला.

पहिले आठ दिवस छबू बांधाच्या कडेला दगडावर बसून राहिली. सावलीला झाड नव्हतं. नवव्या दिवशी मुकादम म्हणाला, "बाई, बसल्या बसल्या खडी तरी सरकव." तिनं सरकवली. मग पाटी घेतली. श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी मी ओसरीवर वाचत बसलो होतो आणि अंगणातून आवाज आला, "बीए भाऊ, पुस्तकातलं सपलं असंल तर ही पाटी उतरवू लागा."

मी दचकून वर बघितलं. श्रावणात या बाईचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. ती काळवंडली होती. नाकावर कातडं सोललं होतं. आणि ती माझी चेष्टा करत होती.

भागूबाईनं सप्तशृंगीला नवस बोलला होता. तो पावला, असं तिनं धरलं. मीही तेव्हा तसंच धरलं.

दिवाळीला रंभाजी सुनेला न्यायला आले. बरोबर मुलगा रंगनाथ, छबूचा नवरा. तो बापासमोर बोलत नसे. रंभाजी उंच, सुकलेले, डोक्याला मुंडासं. छबूनं त्यांच्यापुढं पाणी ठेवलं. त्यांनी तिला खालून वर बघितलं.

"यंदा काय औषध केलं, इहिनबाई?"

"देवीची किरपा," भागूबाई म्हणाली.

"देवी आमच्या डांगानात येत न्हाई व्हय?" रंभाजी म्हणाले. पाणी प्याले. मग तांब्या खाली ठेवून सगळ्यांसमोर बोलले, "हे बघा. पोरगी वाईट न्हाई. कामाला वाघीन हाय, आठ महिने. पर मला घर चालवायचंय. पुढला पावसाळा ती आमच्याकडं काढंल. आखाडाला कुनी न्यायला येऊ नका. उभी ऱ्हायली तर जल्मभर आमची. बसली, तर आणून सोडीन आन् रंगनाथाचं दुसरं लगीन लावीन. मग रुसायचं न्हाई."

रंगनाथ आढ्याकडं बघत होता. छबू दारात उभी होती. तिनं ते ऐकलं आणि आत जाऊन भाकरी थापायला लागली. थापण्याचा आवाज एकसारखा येत होता.

पट्टी काढायची वेळ झाली म्हणून भिमाजी सायकल काढून निघाला. मला त्याचा राग आला.

फेब्रुवारीत एका रविवारी त्यानं खुंटीवरची वही काढून माझ्यापुढं ठेवली.

"बीए, एवढं एका कागदावर उतरून देतो का? नगरच्या डागदराला दावायचंय."

मी वही उघडली. हिशेब नव्हता. पानावर दोन रकाने होते. डावीकडं तारीख आणि उन्हाचे तास. उजवीकडं एकदोन शब्द.

"०.० – उठली नाही. ०.४ – पाणी प्याली. १.२ – उठली नाही. ०.० – रडली."

पानामागून पान. सत्तर, एकाहत्तर, बहात्तर. ती माहेरी असतानाचा एकही दिवस सुटलेला नव्हता.

"हे कधीपासून लिहितोस?"

"सत्तरला तिला डागदराकडं नेली. त्यांनी इचारलं, कधीपासून, किती दिस, रोज का एकाआड एक? आमाला कुनालाच सांगता येईना. आय म्हनं लई दिस. मी म्हनलं लई दिस. लाज वाटली मला. रोज परक्या आभाळाचं लिहितो आन् घरच्या मान्साचं काय ठावं न्हाई." तो थांबला. "मंग लिहाय लागलो. तास कशाला लिहिलं ते मला बी ठावं न्हाई. हाताला सवय."

मी वाचत गेलो. कॉलेजात उदासीवर कितीतरी वाचलं होतं. चार शब्दांत इतकं कुणी लिहिलेलं आठवेना. बहात्तरच्या पानांवर आलो. "८.३ – बसून होती. ९.१ – बसून होती. ८.८ – पाटी उचलली. ९.४ – हसली." त्या 'हसली'खाली त्यानं रेघ मारली होती. सगळ्या वहीत तेवढीच एक.

"म्हणजे ढग आले की ती बसते," मी म्हणालो. "उघाड पडली की उठते. सरळ आहे."

"सरळ न्हाई." त्यानं मागची पानं उलटली आणि बोट ठेवलं. "हे बघ. एकाहत्तरचा भादवा. ६.८. ७.२. ७.०. चांगलं उघाडलं हुतं. तरी लिवलंय, उठली न्हाई, उठली न्हाई. दीड वरीस मी हितंच अडकलोय."

मी गंमत केली. "अरे, तुझा गोळा खांबावर होता. छबू होती माजघरात, कणगीमागं, वर घोंगडी. तिच्यापर्यंत ऊन यायला त्याला वाट कोण दाखवणार?"

भिमाजी माझ्याकडं बघत राहिला.

"परत बोल."

मी परत बोललो. आता ती गंमत वाटेना.

तो उठला. दुपारचे बारा वाजले होते. अंगणात ऊन असं पडलं होतं की डोळे मिटावे लागत. छबू सासरी होती, पण घोंगडी अजून दारावरच होती. त्यानं माझ्या हातात वर्तमानपत्र दिलं आणि मला आत, कणगीच्या आडोशाला नेऊन बसवलं. घोंगडी सोडली.

"वाच."

मी कागद नाकाशी धरला. मोठा मथळा कसाबसा लागला. खालचं काही नाही.

"भिमाजी, अक्षरं दिसत नाहीत."

"भर दुपारी," बाहेरून त्याचा आवाज आला.

"काय चाललंय रं अंधारात?" भागूबाई परसातून आत आली होती. भिमाजीनं तिला सांगितलं. दोष न देता, हळू, एकेक सांगितलं. वही दाखवली, जरी तिला वाचता येत नव्हतं. बहात्तरला छबू बरी झाली ती उघड्यावर होती म्हणून असेल. आधीची दोन वर्षं उघाड पडूनही ती उठली नाही, कारण उजेड तिच्यापर्यंत पोचला नसेल. असेल, नसेल, असंच तो बोलत होता. खात्रीनं एकही वाक्य नाही.

भागूबाई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "घोंगडी म्या लावली."

"आये, तू मायेनं लावली."

"मायेनंच लावली," ती म्हणाली. "तेच सांगते."

ती उठली, घोंगडी काढली, बाहेर नेऊन अंगणात अंथरली आणि तिच्यावर बसून ज्वारी निवडायला लागली. दिवेलागणीपर्यंत निवडत होती. दुसऱ्या दिवशी तिनं भिमाजीला विचारलं, "आता तिकडं कुनी सांगायचं?"

छबूला सत्तरला तपासणाऱ्या नगरच्या त्याच डॉक्टरांनी मी उतरवलेला कागद दोनदा वाचला. भला माणूस. ते म्हणाले, "उन्हानंच झालं असं मी सांगू शकत नाही. काम होतं, माणसं होती, आईची सोबत होती, त्यानंही झालं असेल. पण उजेडाचा मनाशी काही संबंध नाही, असंही मी सांगणार नाही. औषध देतो, पावसाळा धरताच ते सुरू करा. आणि तिला कोंडू नका." मग त्यांनी भिमाजीला विचारलं, "तुम्ही कुठं शिकलात?"

"अकरावी, साहेब."

"वही सोडू नका," डॉक्टर म्हणाले.

परतताना एसटीत भिमाजी तीनदा खिशातला कागद चाचपून बघत होता. मी खिडकीबाहेर बघत होतो. दीड वर्ष या माणसाच्या घरची भाकरी खाल्ली आणि शेजारी कोण बसलंय ते आत्ता कळत होतं.

जूनच्या शेवटी, आखाड लागायच्या आधल्या आठवड्यात आम्ही दोघं डांगाणात गेलो. संगमनेरला गाडी बदलली, अकोल्याला बदलली, शेवटी दोन तास चाललो. पाऊस सुरू झाला होता. डोंगर अर्धे ढगात. रंभाजींचं घर ठेंगणं, गवताच्या छपराचं. पाऊस आत येऊ नये म्हणून छप्पर जवळजवळ जमिनीला टेकलेलं. खिडकी नाही. दार ओढून घेतलेलं. आत चूल, धूर, गुरं आणि माणसं. डोळे सरावायला वेळ लागला. मग कोपऱ्यात छबू दिसली. गुडघ्यात हनुवटी घालून बसली होती.

"दादा, आलास?" ती म्हणाली. हसली नाही.

"न्यायला येऊ नका म्हनलं हुतं," चुलीजवळून रंभाजी बोलले.

"न्यायला न्हाई, सांगायला आलोय." भिमाजीनं वही उघडली आणि आकडे वाचायला सुरुवात केली. आठ दशांश तीन. नऊ दशांश एक. तो वेधशाळेत वाचावं तसं वाचत होता.

"पाव्हनं," रंभाजींनी मधेच अडवलं, "आमाला आकडं कशाला? आमी का पोस्टात हाय?"

"मामा, तिला उजेडात काढा, एवढंच."

"कुठला उजेड? बघितलं का बाहेर? दोन महिने आता सूर्य न्हाई. आमी का बांधून आनायचा?"

भिमाजीनं वही मिटली. मी काहीतरी अलंकारिक बोलणार होतो, तेवढ्यात त्यानं विचारलं, "मामा, दार लावून बसता तवा चुलीच्या उजेडात सुईत दोरा जातो का?"

"न्हाई."

"आन् बाहेर, ह्या ढगात?"

रंभाजींनी त्याच्याकडं बघितलं. सुई त्यांच्या घोंगडीच्या टोकालाच टोचलेली होती. गोणपाट शिवायची, दाभणाएवढी. ते हसले. "ही तर आंधळा बी ववील." पण उठले. दार उघडून बाहेर गेले, वळचणीला उभे राहिले, छबूकडून बारीक सुई आणि दोरा मागून घेतला. साठीचा माणूस. पहिल्या झटक्याला दोरा आत गेला.

ते तसेच सुई धरून उभे राहिले. त्यांची नजर समोरच्या खाचरावर होती. तिथं पालापाचोळ्याचा राब भाजून भाताची रोपं टाकली होती. उघड्यावरची रोपं गच्च हिरवी. कडेला हिरड्याचं मोठं झाड होतं, त्याच्याखालची रोपं लांबडी, पिवळट, माना टाकलेली.

"त्या बी रोपावर सूर्य न्हाई," रंभाजी सावकाश म्हणाले, "आन् ह्या बी रोपावर न्हाई." मग मागं वळून आत बघितलं. कोपऱ्यात छबू बसली होती तिकडं. "सावलीतलं रोप आमी लावत न्हाई. उपटून टाकतो. म्हनतो बी वाईट."

पावसाचा आवाज येत होता.

"आजारी हाय म्हनून आमीच तिला सांगितलं, आत बस," रंगनाथ म्हणाला. बापासमोर तो बोललेला मी पहिल्यांदा ऐकला.

"तुला कुनी इचारलं?" रंभाजी गुरकावले. पण पुढं म्हणाले, "उद्यापास्नं म्हशी तिच्याकडं. उजाडायला बाहेर. पावसाला इरलं घेऊन. रडली तरी बाहेर." आणि भिमाजीकडं वळून, "पर सांगून ठिवतो, बोली बदलली न्हाई. बसली तर बसली."

"बदलू नका," भिमाजी म्हणाला.

निघताना त्यानं छबूला औषधाची पुडी दिली आणि काहीतरी सांगितलं. ती मान हलवत होती. डोळे कोरडे होते. मला ती पुन्हा त्या एकाहत्तरच्या बाईसारखी दिसली आणि भीती वाटली.

त्या साली पाऊस चांगला झाला. सगळा जिल्हा आनंदात होता. भिमाजी तेवढा रोज संध्याकाळी कोरी पट्टी हातात धरून उभा असायचा. ०.०. ०.०. ०.३. "हितं हे हाय, तर तिकडं काय असंल," एवढंच म्हणायचा. डांगाणातून निरोप नव्हता. कुणी छबूला आणूनही सोडत नव्हतं. भागूबाई रस्त्याच्या बाजूला तोंड करून कामं करायची.

पोळ्याच्या दोन दिवस आधी आम्ही पुन्हा निघालो. पाऊस नुकता थांबला होता, ढग तसेच. खाचरांत बायका भात निंदत होत्या. सगळ्यांच्या पाठीवर पानांची इरली, सगळ्या वाकलेल्या, ओळीत उपडी सुपं ठेवल्यासारख्या. भिमाजी बांधावर थांबला. एकेका इरल्याकडं बघत होता. त्यांत छबू आहे की घरात कोपऱ्यात आहे, कळेना. पुढं पाऊल टाकायची त्याची हिंमत होईना. माझीही.

तेवढ्यात एक इरलं सरळ झालं.

"बीए भाऊ! बांधावर हुबं ऱ्हाऊन काय बघता? बुजगावण्याची जागा भरलीया आमच्याकडं!"

सगळी ओळ हसली. भिमाजी मटकन बांधावर, चिखलात, बसला. त्यानं तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी रंभाजींनी आम्हाला गूळ-पाणी दिलं. शेजारचा एक म्हातारा बसला होता. त्याला म्हणाले, "हे सूनबाईचं भाऊ. राहुरीला आभाळ मोजत्यात." त्यांच्या आवाजात आढ्यता होती, जणू भिमाजीला त्यांनीच नोकरीला लावलं होतं. मग आमच्याकडं वळून खरं ते सांगितलं. श्रावण लागताना छबू नऊ दिवस बसली होती. जेवण तोडलं होतं. रंभाजींनी मुंडासं बांधलं होतं, तिला सोडून यायला. पण रंगनाथ आडवा झाला. म्हणाला, रडली तरी बाहेर, असं तुमीच म्हनला हुता. तिला हाताला धरून रोज बांधावर नेऊन बसवायचा आणि स्वतः शेजारी बसायचा. दहाव्या दिवशी ती आपण होऊन म्हशींमागं गेली.

"आन् दुसरं लगीन?" भिमाजीनं विचारलंच.

"कुनाचं?" रंभाजी म्हणाले. "पाव्हनं, कायबी काय बोलता? घरात सून असताना?"

शेजारचा म्हातारा खाकरला. रंभाजींनी त्याच्याकडं डोळे वटारले.

छबू शेतावरून आली, पाय धुतले आणि भावाला म्हणाली, "दादा, हिकडं ये. तुज्या कामाचं हाय."

दाराबाहेर, वळचणीखालच्या कुडाच्या भिंतीवर, शेणानं सारवलेल्या जागेवर बोटाचे ठसे होते. ओळीनं. काही चुन्याचे पांढरे, काही काजळीचे काळे. आखाडाच्या पहिल्या दिवसापासून कालपर्यंत.

"मला लिहाय येत न्हाई," ती म्हणाली. "काळं म्हंजी पोतं हुतं. पांढरं म्हंजी न्हवतं."

भिमाजीनं वही काढली. खाली उकिडवा बसला आणि एकेक ठसा मोजून उतरवायला लागला. मी त्याला कधी इतका वेळ लावताना पाहिलं नव्हतं. मधल्या नऊ काळ्यांपाशी त्याचा हात थोडा थांबला. पुढं गेला. एका जागी पुन्हा थांबला.

"छबे, हितं पांढऱ्यावर काळं हाय. चुकलं का?"

"न्हाई. त्या दिशी सकाळी हासले आन् दुपारी रडले."

"मंग दोन्ही लिहितो," भिमाजी म्हणाला.

"लिही की. खोटं कशाला लिहायचं?"

तो लिहीत राहिला. छबू त्याच्या डोक्यावर वाकून बघत होती, नीट उतरवतोय की नाही ते. आत चुलीवर भात रटरटत होता आणि दार सताड उघडं होतं.